सत्तावीस नंबरचा लाल ठिपका

सोमवार, ३ ऑगस्ट

नोकरीचा पहिला दिवस. ही वही बाबांनी वर्कशॉपमधून आणून दिली. पहिल्या पानावर ग्रीसचा अंगठा उमटलेला आहे. म्हणाले, "साहेबलोक रोजचं लिहून ठेवतात." मी साहेब नाही, हे त्यांना सांगून उपयोग नाही. ते बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहेत आणि आज त्यांनी अख्ख्या पाळीला सांगून टाकलं की पोरगी शाळेत कंप्युटरची साहेब झाली.

माझं पद 'अध्ययन समन्वयक'. संध्याकाळी आईला समजावून सांगितलं: आठवीच्या चौतीस मुलांना एकेक टॅब दिला आहे, त्यावर ती गणितं सोडवतात. कोण कुठे अडतंय, किती वेळ लावतंय, काय चुकतंय, हे सगळं माझ्या खोलीतल्या स्क्रीनवर दिसतं. ज्याचं अडलंय त्याच्याकडे सरांनी वेळेत पोचावं, म्हणून मी लक्ष ठेवायचं.

"म्हणजे तू शिकवणार नाहीस?"

"नाही. शिकवणार गणिताचे सर."

"आणि तू नुसती बघणार?"

"हो."

"बघायचा पगार देतात?" आईने पातेलं उतरवलं. "मी तुला बावीस वर्षं बघतेय, मला कुणी छदाम दिला नाही."

हसले, पण एक गोष्ट इथे लिहून ठेवते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. शाळेत मला काय येत नव्हतं, ते कधी कुणाला दिसलं नाही. या मुलांचं दिसेल. माझ्या दृष्टीने हे काम साधं नाही.

बुधवार, ५ ऑगस्ट

कंपनीचे साहेब आले होते. सगळ्या शाळेत टाय लावणारे ते एकटेच, म्हणून मुलांनी त्यांचं नाव 'टायवाले' ठेवलं आहे. माझ्याही तोंडात तेच बसलं आहे, कधीतरी समोर निघून जाईल.

प्रत्येक मुलाच्या टॅबवर कोपऱ्यात एक ठिपका असतो: हिरवा, पिवळा किंवा लाल. महिनाअखेरीला जी मुलं लाल असतील ती पाया तुकडीत जातील. खालच्या मजल्यावर वेगळी खोली, तिथे पहिल्यापासून तयारी. मात्र पाया तुकडीतल्या मुलांना वर्षाअखेरीला तंत्रशाळेच्या प्रवेश परीक्षेला बसता येत नाही. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणतात, "ही शिक्षा नाही, काळजी आहे." मला पटतं.

ठिपक्याचा रंग कशावरून ठरवायचा, ते आम्हाला भरून द्यायचं होतं. टॅबवर प्रत्येक गणिताखाली 'मदत' असं बटण आहे. दाबलं की पहिली पायरी सांगतं. ते दाबणं किती कमकुवतपणाचं धरायचं, शून्य ते पाच?

टायवाले म्हणाले, "बहुतेक शाळा दोन ठेवतात. ठरवा तुम्ही."

मोठ्या बाई फोनवर होत्या. हातानेच म्हणाल्या, तू बघ. फोनवर हात ठेवून पुढे म्हणाल्या, "तूच आत्ता शिकून आलीस गं, तुला जास्त कळतं."

मी पाच टाकले. कॉलेजच्या तीन वर्षांत मी कुणालाही एक शंका विचारली नाही. घरी विचारायला कुणी नव्हतं, आणि तिथे विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की हिला एवढंही येत नाही. रात्ररात्र एकच पान वाचलं पण निभावलं. आपल्या आपण जे येतं तेच खरं येतं, असं माझं मत आहे. यंत्राने माझं नाव आणि वेळ नोंदवून घेतली. छान वाटलं.

मंगळवार, ११ ऑगस्ट

आज सरांनी शाबासकी दिली! नऊ नंबरचा मुलगा सकाळच्या तासांना प्रत्येक प्रश्नाला दुप्पट वेळ लावत होता आणि दुपारी मात्र ठीक. मी वेळा जुळवून पाहिल्या आणि वर्गात जाऊन त्याच्या बाकावर बसले. खिडकीचं ऊन थेट टॅबवर. त्याला अर्धं गणित दिसतच नव्हतं आणि बापडा बोललाही नव्हता. बाक बदलला, आज सकाळचा वेळ निम्म्यावर आला.

गणिताचे सर निवृत्तीला आले आहेत, कौतुक जपून करतात. म्हणाले, "मला हे कळायला दिवाळी... नाही, दिवाळं निघालं असतं." मग स्वतःच हसले.

आकडे खोटं बोलत नाहीत. फक्त बघणारा हवा.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

सत्तावीस नंबरची मला काळजी वाटते.

मुलगी तेरा वर्षांची, दोन वेण्या, डाव्या कोपऱ्यातला शेवटचा बाक. सात दिवसांत तिने १८१ वेळा 'मदत' दाबली. वर्गातल्या इतरांची सरासरी दोनसुद्धा नाही. पहिल्या दोन दिवसांनंतर तर बाकीच्यांनी जवळजवळ दाबलेलीच नाही, याचा मला फार आनंद आहे, मुलं स्वावलंबी होत आहेत. ही मात्र प्रश्न उघडते, मदत घेते आणि न सोडवताच बंद करते. मग दुसरा उघडते, तिथेही तेच. चिकाटी म्हणून नाही.

वर बोलणंही फार. वर्गात आवाज मोजायची चार यंत्रं बसवली आहेत, त्यातलं डाव्या कोपऱ्यातलं सतत वर असतं.

आणि मुलं तिला चिडवतात. तेरा वर्षांच्या मुलीला 'काकू' म्हणतात! "काकू, इकडे बघ ना." "काकू, माझं आधी." मी आज वर्गात उभं राहून सांगितलं की कुणाच्या कमकुवतपणावरून नावं ठेवायची नाहीत. सत्तावीस नंबरने खाली बघितलं. बिचारीला भरून आलं असावं.

शुक्रवार, २१ ऑगस्ट

विचित्र आठवडा. सोमवारपासून गुरुवारपर्यंत वर्गाची बरोबर उत्तरं शंभरात अठ्ठ्याहत्तरवरून एकसष्टवर आली. सगळ्यांचीच, हुशार मुलांचीसुद्धा. 'मदत' कुणी दाबली नाही, नुसते प्रश्नांपुढे बसून राहिले. खरं तर या चार दिवसांत वर्ग इतका शांत होता की डाव्या कोपऱ्यातलं यंत्र बिघडलं की काय असं वाटलं. (सत्तावीस नंबर तापाने घरी होती.) एवढी शांतता असून निकाल घसरावा हे मला समजलं नाही.

टायवाल्यांना फोन केला. म्हणाले, सर्व्हर बंद करून परत चालू करतो. केला. आज सगळं पूर्ववत, शंभरात ऐंशी! बरं झालं वेळेत लक्षात आलं. सत्तावीस नंबरही आज परत आली आणि आल्याआल्या तिचा तोच खेळ सुरू.

शुक्रवार, २८ ऑगस्ट

पालकसभा. सत्तावीस नंबरचे वडील आले होते. पाणी खात्यात मीटर वाचायचं काम करतात, खांद्याला पिशवी तशीच. मी त्यांच्याकडे स्क्रीन वळवून हळुवारपणे सांगितलं: आतापर्यंत ३४० वेळा मदत.

त्यांनी आकडा दोनदा वाचला. मग विचारलं, "एका मीटरवर किती घरं आहेत, ते बघितलंत?"

"काका, हे पाण्याचं नाही. गणिताचं आहे."

"ते कळलं हो. आमच्याकडे एका घराचं बिल असं दहापट आलं ना, की आम्ही माणसाला बोलत नाही. आधी जाऊन नळ मोजतो."

मी म्हटलं, पाया तुकडीत तिची नीट काळजी घेतली जाईल. ते म्हणाले, "तिला तंत्रशाळेत जायचंय. पाचवीपासून एकच धोशा, पंप दुरुस्त करणार." जाताना मान हलवून "बघा, ताई" एवढंच म्हणाले.

साधा, चांगला माणूस. अवघड विषय निघाला की माणसं आपल्या कामाचं बोलायला लागतात, हे बाबांमुळे मला माहीत आहे.

सोमवार, ३१ ऑगस्ट

पाया तुकडीची यादी गेली. सात नावं. खाली 'तयार करणार' म्हणून माझी सही. सात जणांना वेळेत आधार मिळेल. दुरुस्ती असल्यास वरच्या कार्यालयात ११ तारखेपर्यंत.

बुधवार, २ सप्टेंबर

सातही जणांना एकेकटं बोलावून सांगितलं. दोघं रडली. सत्तावीस नंबर रडली नाही, बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "परीक्षेला अजिबात बसता येणार नाही?"

"यंदा नाही."

"बरं." मग दारापर्यंत जाऊन परत आली. "ताई, मी गेल्यावर माझ्या जागेवर कोण बसणार?"

मी म्हटलं, जागेची काळजी करू नकोस. मुलांचं मन कशात अडकेल सांगता येत नाही.

सोमवार, ७ सप्टेंबर

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

माझ्या खोलीतली वायर बदलायला वायरमन आला. म्हणाला, "मॅडम, दोन तास स्क्रीन नाही." टॅब चालू होते, फक्त मला काही दिसणार नव्हतं. मग वर्गात जाऊन मागे कपाटाशी खुर्ची टाकून बसले. सर फळ्यावर एका मुलाला काहीतरी दाखवत होते. पहिली पाच मिनिटं मुलं माझ्याकडे बघत होती, मग विसरली.

उजवीकडच्या रांगेतला एक जण उठून डाव्या कोपऱ्यात आला.

"काकू, चौदावा."

"पाच मिनिटं डोकं घासलंस?"

"घासलं."

"खरं बोल."

"तीन घासलं."

"मग अजून दोन घास जा. नंतर ये."

तो गेला. त्याच्या मागे एक मुलगी उभी होती. "माझी झाली पाच. देवाशपथ." सत्तावीस नंबरने स्वतःच्या टॅबवर तिचा प्रश्न उघडला, 'मदत' दाबली, वाचलं आणि टॅब पालथा ठेवला. "हे बघ, तो म्हणतोय आधी कंस सोडव. पण का सोडवायचा ते काही सांगत नाही, शहाणा. तू कुठे थांबलीस? हां. इथे तू एकालाच दिलं, पण कंसाबाहेर उभा आहे तो कुणाकुणाला देणार? आत जेवढे आहेत तेवढ्या सगळ्यांना. एकाला देऊन पळायचं नाही." मुलगी "ओऽ" म्हणाली आणि गेली. तिच्यानंतर आणखी एक. मग तो तीन मिनिटंवाला परत.

मी खुर्चीवरून उठले तेव्हा खुर्ची वाजली. "ए, ताई!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे आपापल्या बाकावर.

मी विचारलं, "मदतीचं बटण तर सगळ्यांकडे आहे. मग हिच्याकडे कशाला येता?"

माना टॅबवर वाकल्या. शेवटी नऊ नंबर, ज्याचा बाक मी बदलला होता तो, म्हणाला, "आम्ही दाबली की ठिपका पिवळा होतो, ताई. मग लाल."

"आणि हिने दाबली तर?"

"ती आधीच लाल आहे."

त्याने हे असं सांगितलं, जसं पाणी उतारावर वाहतं हे सांगावं.

सत्तावीस नंबर म्हणाली, "पहिल्या दोन दिवसांत सगळेच पिवळे झाले होते. मग ठरलं की एकानेच दाबायचं. चिठ्ठ्या टाकल्या."

"चिठ्ठीत तुझं नाव निघालं?"

"नाही, याचं निघालं." तिने नऊ नंबरकडे बोट केलं. "हा रडायला लागला. म्हटलं, आण इकडे."

"रडलो नव्हतो," नऊ नंबर म्हणाला.

"बरं बाबा, डोळ्यांत ऊन गेलं होतं तुझ्या."

सगळा वर्ग हसला. मी विचारलं, "आणि तुझी स्वतःची गणितं?"

"सगळ्यांची झाल्यावर. वेळ उरला तर."

सर फळ्याशी खडू घेऊन उभे होते. त्यांनाही यातलं काही माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मंगळवार, ८ सप्टेंबर

स्क्रीन चालू झाली. मी सत्तावीस नंबरच्या नोंदी काढून बाकी तेहतीस जणांच्या नोंदींशेजारी ठेवल्या. तिने चौदावा प्रश्न उघडून बंद केला की तीन-चार मिनिटांत दुसऱ्या कुणाचातरी चौदावा बरोबर. तिने विसावा बंद केला की कुणाचातरी विसावा. महिनाभर, रोज, पंचवीस-तीस वेळा. सगळं माझ्याजवळच होतं. मी दोन नोंदी कधी शेजारी ठेवल्याच नाहीत.

टायवाल्यांना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं. ते चांगुलपणाने म्हणाले, "सिस्टीमचा दोष होता असं कळवा. आम्हाला सवय आहे. तुमची नवीन नोकरी, कशाला अंगावर घेता?"

"पण दोष सिस्टीमचा नाही ना? पाच मी टाकले."

"ते आपल्या दोघांनाच माहीत आहे."

विचार करते म्हटलं आणि फोन ठेवला. त्या 'विचार करते'ची अजून लाज वाटते आहे.

बुधवार, ९ सप्टेंबर

सरांनी सातही जणांना साध्या कागदावर वीस गणितं घातली. टॅब नाही, ठिपके नाहीत. सत्तावीस नंबरला एकोणीस. विसाव्या गणिताखाली तिने लिहिलं होतं: 'हे मला येत नाही पण विचारून सांगते.'

बाकीच्या सहांपैकी पाच जणांना मात्र पाया तुकडीची गरज आहे, हे कागदावरही तसंच आलं. सहावा काठावर आहे. म्हणजे यादी सगळी चुकीची नव्हती. या विचाराने बरं वाटावं की नाही, ते ठरवता आलं नाही.

मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी कागद बघितला, चष्मा काढला. "यादी मंजुरीला गेली आहे. आता नाव काढायचं तर कारण लेखी द्यावं लागेल. काय लिहायचं?"

मी सांगितलं.

"असं लिहिलंस तर तुझ्या फाइलला लागेल. सहा महिन्यांनी तुला कायम करायचं की नाही, ते तीच फाइल बघून ठरणार आहे." त्या रागावल्या नव्हत्या. "कंपनीचं नाव घालू या का? ते तयार आहेत म्हणे."

म्हणजे टायवाले त्यांच्याशीही बोलले होते. मी परवा देते म्हटलं.

गुरुवार, १० सप्टेंबर

जेवताना घरी सांगितलं. आधी कुणालाच नीट कळलं नाही, मग आईला पटकन कळलं.

"म्हणजे त्या पोरीने सगळ्या वर्गाचं ओझं उचललं, आणि तुम्ही तिलाच हमाल म्हणून खाली पाठवताय?"

"मी पाठवतेय."

"मग सांग जाऊन तोंडी. लेखी कशाला? कागद कधी कुणाचा सगा झालाय?"

"तोंडी चालत नाही, आई. उद्या शेवटची तारीख आहे."

बाबा ताटातला भात सारखा करत होते. मग म्हणाले, "नोकरी जाईल का?"

"जाणार नाही बहुतेक. पण कायम व्हायला वेळ लागेल."

"मग साहेब आहेस ना अजून?"

"बाबा, मी साहेब नव्हतेच कधी."

"ते तू मला सांगू नकोस. मी पाळीला काय सांगायचं तेवढं सांग."

हसायला आलं. नंतर पत्र लिहायला बसले. पहिल्या तीन कागदांवर 'प्रणालीतील मूल्यांकनाच्या त्रुटीमुळे' असं सुरू झालं. ते तिन्ही फाडले. चौथा असा: 'मदत घेणे हा कमकुवतपणा धरावा असे मी ठरवले. ते चुकीचे होते. त्यामुळे वर्गात सर्वांत जास्त शिकवणारी मुलगी सर्वांत मागे दिसली.' यात 'शिकवणारी' शब्दाखाली रेघ मारली आणि मग खोडली.

शुक्रवार, ११ सप्टेंबर

पत्र गेलं. दुपारी फोनवर तोंडी कळलं: सत्तावीस नंबरचं नाव यादीतून काढलं, तंत्रशाळेच्या परीक्षेला बसता येईल. माझी उमेदवारी सहा महिन्यांऐवजी एक वर्ष.

तिला वर्गाबाहेर बोलावून सांगितलं. ती एवढी मोठ्याने "खरंच?" म्हणाली की डाव्या कोपऱ्यातलं यंत्र नक्की उडालं असेल. मग मी म्हटलं, "आणि त्यांनी तुला काकू म्हटलं म्हणून मी ओरडले होते..."

"ते मला आवडतं, ताई. तुम्ही ओरडलात त्या दिवसापासून हळू म्हणतात. ऐकायलाच येत नाही."

शुक्रवार, १८ सप्टेंबर

मदतीचं वजन शून्य केलं. मुलांना सांगितलं की कितीही वेळा दाबा, ठिपका हलणार नाही. दोन दिवस कुणाचा विश्वास बसला नाही. मग नऊ नंबरने एकदा दाबून बघितली, सगळे त्याच्या टॅबवर वाकले, ठिपका हिरवाच राहिला. त्यानंतर जो तो आपली आपण दाबतो.

आकडे चांगले आहेत. शंभरात एक्क्याऐंशी. आवाज एकदम खाली. टायवाले खूष आहेत, दुसऱ्या शाळांना दाखवायला वर्गाचा फोटो हवा म्हणाले. सत्तावीस नंबर हिरवी आहे, पहिल्या तिघांत. गणितं अर्ध्या तासात संपवते आणि हाताच्या घडीवर हनुवटी टेकून बसते.

वर्ग शांत आहे. मला हेच हवं होतं, असं वाटत होतं.

मंगळवार, २२ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत सत्तावीस नंबर माझ्या खोलीत आली. स्क्रीनकडे एकदा बघून घेतलं, मग म्हणाली, "ताई, मी पाया तुकडीत बसू का?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "अगं, तुझं नाव काढायला..." एवढं बोलून थांबले.

"कायमची नाही. परीक्षेला तर बसायचंच आहे मला. फक्त एक तास, गुरुवारचा शेवटचा. तेव्हा आमचा स्वयंअध्ययनाचा असतो."

"तिकडे काय करणार?"

"तिकडे टॅब नाहीत ना. तिकडे कुणालातरी विचारावंच लागतं."

सरांना विचारलं. ते म्हणाले, "मला चालेल. माझा आवाज आता खालच्या मजल्यापर्यंत पोचत नाही, तिचा पोचतो." मोठ्या बाईंनी वडिलांची संमती आणायला सांगितली. पुढच्याच तासाला ती आणलेली होती. म्हणजे कागद आधीच दप्तरात होता.

गुरुवार, २४ सप्टेंबर

शेवटच्या तासाला सिस्टीमने सत्तावीस नंबरला गैरहजर दाखवलं, कारण तिचा टॅब वर आणि ती खाली. कारणाच्या रकान्यात चारच पर्याय आहेत: आजारी, घरगुती, माहीत नाही, इतर. 'इतर' निवडलं आणि मीही खाली गेले.

पाया तुकडीत अकरा मुलं आहेत, सहा आमची आणि पाच दुसऱ्या वर्गांतली. काकू मध्यभागी बाकावर मांडी घालून बसली होती. तिचा पहिला नियम सगळ्यांना पाठ झाला होता: पाच मिनिटं घासल्याशिवाय विचारायचं नाही. एक जण कागद घेऊन आला.

"काकू, ऋण गुणिले ऋण धन का होतं?"

"होतं म्हणजे होतं. नियम आहे."

"पण का? तू म्हणालीस ना, का ते सांगितल्याशिवाय सोडायचं नाही."

काकूने कागद उलटासुलटा करून बघितला. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "मला माहीत नाही. ताईंना विचारू या."

अकरा तोंडं माझ्याकडे वळली. बारावी तिची.

हे उत्तर मी आठवीपासून लिहीत आले आहे. त्याचे गुण घेतले आहेत, त्यावर पदवी घेतली आहे. का ते मला कधीही कळलेलं नाही.

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं.

"तुम्ही तर पदवीवाल्या आहात ना?" कुणीतरी म्हणालं.

"हो. पाठ केलं होतं."

काकू बाकावरून खाली उतरली. "मग चला. पाच मिनिटं झालीच आहेत." आणि ती पुढे, तिच्यामागे अकरा जण आणि त्यांच्यामागे मी, असे आम्ही जिना चढून शिक्षकांच्या खोलीशी गेलो. सर बशीत चहा ओतत होते. दारात एवढी गर्दी बघून त्यांनी बशी खाली ठेवली.

"काय झालं? कुणाचं अडलंय?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी हात वर केला.